शिडीखालचा

मला आमच्या टोळीत सगळे रेडिओ म्हणतात आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा स्वभाव आज सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो जन्माचा नव्हे, तो मला कामानं लावला. त्याआधी मला ओळखणारी माणसं कुठे भेटली असती, तर त्यांनी सांगितलं असतं की हा म्हणजे मिठाची गुळणी धरून बसलेला इसम. तशी माणसं आता कुठे आहेत, मला माहीत नाही.

आम्ही संत्री तोडणारे. एका बागेतली फळं संपली की गाठोडी बांधायची, ट्रकमध्ये चढायचं आणि दुसरी बाग गाठायची, असं थंडीचे सगळे महिने चालतं. बाग बदलते, मालक बदलतो, कुत्रं बदलतं. राहायची खोली मात्र तीच असते की काय असं वाटावं, इतकी सगळीकडे सारखी. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, आणि भिंतीत ओळीनं ठोकलेले खिळे. खोलीत शिरल्या शिरल्या जो तो आधी आपला खिळा पकडतो. पिशवी खिळ्याला लागली की झालं, घर लागलं. मग चुलीचं, पाण्याचं, भांडणाचं बघायचं.

तोडणी जोडीनं चालते. एकजण शिडीवर, एकजण खाली. वरच्यानं शेंड्याकडची फळं देठाशी कात्रीनं कापून खांद्यावरच्या झोळीत टाकायची, खालच्यानं हाताला येतील त्या फांद्या उतरवायच्या. आणि वरच्यानं एखाद्या लांबच्या फळासाठी अंग ताणलं, की हातातलं सोडून शिडीचा पाय धरायचा. यात सगळ्यात महत्त्वाचं काम ते शेवटचं. आमच्या टोळीचा हिशेब मात्र विषम होता. जोड्या लावून झाल्या की एक माणूस उरायचा, आणि टोळीत मी सगळ्यांच्या मागून आलो म्हणून उरणारा मी.

आमच्या मुकादमाचा यावर एक नियम होता. त्याच्या तरुणपणी एक एकटा तोडणारा शिडीवरून पडला आणि दुपारभर झाडाखाली तसाच पडून राहिला. माणूस मुळातच अबोल. त्याचा आवाज बंद झालाय हे कळायला आधी तो कधीतरी सुरू असायला हवा होता. तेव्हापासून मुकादम एकट्याला शिडी देताना एकच गोष्ट बजावायचा.

"तोंड बंद ठेवायचं नाही. गा, शिव्या दे, पाढे म्हण, तुला काय वाटेल ते कर. आवाज थांबला की आम्ही कात्र्या टाकून पळत येणार."

मी आधी गायलो. दुपारपर्यंत मुकादमाची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो, ती स्वतः चालत आली आणि हात जोडून म्हणाली, "भाऊजी, दुसरं काही येतं का?" मग मी पाढे म्हटले. पण एकोणतिसाच्या पाढ्यात मी रोज त्याच ठिकाणी अडायचो आणि रोज सगळी टोळी धापा टाकत माझ्या झाडाखाली येऊन उभी राहायची. शेवटी मुकादमानं पाढ्यांवरही बंदी घातली.

माझी शिडी उजव्या पायानं बोटभर आखूड होती. एकदा मी शेंड्याच्या फळासाठी वाकलो आणि ती अशी काही डुगडुगली, की माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "अरे, धर की नीट!"

पलीकडच्या ओळीतून मावशीनं विचारलं, "कोणाला म्हणतोस रे?" मावशी म्हणजे आमच्यातली सगळ्यात वडीलधारी, तिचा कान असा, की दोन ओळींपलीकडचा उसासासुद्धा सुटत नसे.

"आहे एक," मी म्हणालो. "खालचा."

खालचा असा जन्माला आला. दुधाची तहान ताकावर भागवावी तसा मी त्याच्यावर भागवत गेलो. दिवसभर त्याच्याशी बोलायचं म्हणजे तो कसा आहे हे ठरवणं आलं. मी ठरवलं, की त्याला उंचीची भीती वाटते, म्हणून तो बिचारा आयुष्यभर खालीच राहिला. त्याच्या शर्टाचं बटण कायम एक घर चुकलेलं असतं आणि ते सांगितलं तर त्याला राग येतो. संत्रं सोलताना साल तुटली तर तो ते खात नाही, दुसऱ्याला देऊन टाकतो. आणि अखंड निघाली तर ती लांबलचक साल खालच्या फांदीला टांगून ठेवतो, जिंकलेल्या माणसासारखी. मी त्याला चिडवायचो, कधी रागवायचो, तो रुसला की त्याची समजूत काढायचो. सुतारकाकांनी, जे टोळीतल्या शिड्या दुरुस्त करत, एकदा माझ्या शिडीचा पाय नीट करून देतो म्हटलं, तेव्हा मी साफ नाही म्हणालो. शिडी सरळ झाली तर खालच्यानं करायचं काय?

आता हे एवढ्यावरच राहिलं असतं. पण संत्र्याच्या कामात सकाळी एक वेळ अशी असते, की काम असून करता येत नाही. दव पडलेलं असतं. ओल्या फळाला हात लावला की सालीवर डाग उठतो, म्हणून दव वाळेपर्यंत सगळ्या टोळीनं कात्र्या कमरेला लावून नुसतं बसायचं. हातात चहा आणि समोर चमकणारी झाडं. अशा वेळी माणसाला आपापलं काय काय आठवायला लागतं, आणि आमच्यात स्वतःबद्दल बोलायची पद्धत नाही. जो तो चहाच्या पेल्यात बघत बसायचा. ती वेळ फार वाईट जायची, हे मी आज मोकळेपणानं सांगतो.

खालचा आला आणि ती वेळ पालटली. "काय रे रेडिओ, खालच्याचं काय नवीन?" असं कोणीतरी विचारायचं आणि मी सुरू व्हायचो. थोड्या दिवसांनी मला सगळं सांगावंही लागेना. मावशी मधेच म्हणाली, "त्याचा मुलगा परमुलखात असतो, फोन करतो पण घाईत असतो." मुलगा मावशीचा होता, हे आम्हां सगळ्यांना कळलं, पण कोणी तसं म्हटलं नाही, आम्ही खालच्याच्या मुलालाच यथेच्छ शिव्या घातल्या आणि मावशी पोट धरून हसली. सुतारकाका म्हणाले, "त्यानं एक घर बांधलं होतं. दार तेवढं बसवलं नाही. दार बसवलं असतं तर निघताना ते लावून घ्यावं लागलं असतं." आणि वहिनी, जी सगळ्यांना वाढून शेवटी चुलीपाशी एकटी जेवायची, ती भांडी आवरताना आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "खालचा मागाहून जेवतो. आपल्यासाठी कोणी थांबतं का, ते बघत असतो." त्या दिवसापासून मुकादम वहिनीसाठी थांबायला लागला. खालच्याचं हे एवढं तरी पुण्य मानलंच पाहिजे.

असं सगळ्यांनी आपापलं थोडं थोडं त्याच्या अंगावर घातलं आणि तो चांगला भरला. मी मात्र माझं असं त्याला काही दिलं नाही. माझ्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती. झाडावर चढलो, पानांच्या आत गेलो, की शेंड्याचं पहिलं फळ कापून मी क्षणभर गालाला लावतो. उन्हात तापलेलं असतं ते. कोणीतरी तळहात ठेवावा इतपत ऊब असते त्याला. मग मी ते झोळीत टाकतो आणि मोठ्यानं खालच्याला काहीतरी सुनावतो.

मग कंडक्टर आला. पूर्वी बसवर कंडक्टर होता. जन्मभर "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून झाल्यावर त्याच्याकडे बोलायला काही शिल्लक राहिलं नव्हतं. कामाला चोख, वागायला सभ्य, पण विचारलं तर हो किंवा नाही, आणि न विचारलं तर तेही नाही. त्याच्या येण्यानं आमचा हिशेब सम झाला. मुकादम आनंदानं म्हणाला, "रेडिओ, सुटलास! आता तुला खरा जोडीदार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशीनं विचारलं, "मग त्याचं काय?"

त्याचं काय, यावर दुसऱ्या दिवशी दव वाळेपर्यंत कडाक्याचा वाद झाला. मुकादम म्हणाला, लग्न लावून टाक, म्हणजे आपोआप गप्प बसेल. त्यावर वहिनीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो स्वतःच गप्प बसला. सुतारकाकांना त्याला विहिरीत ढकलायचं होतं. गोष्टीला कसा ठसका हवा, असं त्यांचं मत. मावशी म्हणाली, मुलाकडे जाऊ दे. मला यातलं एकही जमेना. स्वतः घडवलेल्या माणसाला जा म्हणायचं, हे वाटतं तितकं सोपं नसतं.

"तो पुढे गेलाय," मी शेवटी म्हणालो. "पुढच्या बागेत. आपल्या आधी जाऊन जागा बघतोय."

हे सगळ्यांना पटलं. मावशीनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "छान शेवट केलास." दव वाळलं आणि आम्ही उठलो. त्या दिवशी शिडी डुगडुगली तेव्हा कंडक्टरनं ती लगेच आणि अगदी नीट धरली, आणि मला त्याचा उगाचच राग आला.

पुढच्या बागेत मी झाड निवडलं, शिडी लावली आणि खालच्या फांदीकडे माझं लक्ष गेलं. तिथे संत्र्याची एक साल टांगलेली होती. वाळून तपकिरी झालेली, पण अखंड; एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न तुटलेली. मी ती कंडक्टरला दाखवली. त्यानं बघितलं, मान हलवली आणि कामाला लागला. असेल, मी मनाशी म्हटलं, साली काय कोणीही सोलतं.

दुपारी मालकीणबाई पाण्याची घागर घेऊन आल्या. गप्पिष्ट बाई होत्या. मला बरोबरीचं कोणी भेटल्याचा आनंद झाला. त्या म्हणाल्या, "तुमच्यातले एकजण आधीच येऊन गेले की. तुमच्या आधी इथे एक टोळी होती ना, तिच्याबरोबर काम केलं त्यांनी. मोठे मजेशीर गृहस्थ!"

"मजेशीर म्हणजे?" मुकादमानं विचारलं.

"अहो, शिडी लावायची, दोन्ही हातांनी तिचा पाय धरायचा, आणि वर बघून दिवसभर बोलत राहायचं. वर कोणीच नाही! एकट्यानं बोलत राहायचं असा त्या टोळीत नियम होता म्हणे. या गृहस्थांनी एक माणूसच रचला होता मनानं. त्याला वरचा म्हणायचे."

आमच्यात जो हशा पिकला तो काय सांगू! सगळ्यांना वाटलं, मीच बाईंना पढवून ठेवलंय. मावशीनं माझ्या पाठीत धपाटा घातला. पण मग सुतारकाकांनी सहज विचारलं, "त्यांच्या शर्टाचं बटण?" आणि बाई म्हणाल्या, "एक घर चुकलेलं! मी सांगितलं तर रागावले हो." हशा थांबला. पण कोणी घाबरलं मात्र नाही, हे मला आजही नवल वाटतं. एखाद्या नातेवाइकाची खुशाली कळावी तसे सगळे बाईंच्या भोवती जमले. मावशीनं विचारलं, "जेवतो का नीट?" वहिनीनं विचारलं, "कोणी थांबायचं का त्याच्यासाठी?" बाई म्हणाल्या, हो, सगळेच थांबायचे, गोष्टी ऐकायच्या असायच्या ना त्यांच्या. वहिनीला किती बरं वाटलं ते तिच्या तोंडावर दिसलं.

"आणि तो वरचा कसा होता?" मी विचारलं.

"बडबड्या," बाई हसत म्हणाल्या. "गाणं भयंकर. पाढे म्हणायला लागला की एकोणतिसाला अडकायचा. आणि एक मोठी गंमत सांगायचे, मला फार आवडली. म्हणे झाडावर चढला की पहिलं फळ गालाला लावतो. कोणाला कळत नाही असं त्याला वाटतं. पण खाली उभं राहिलं की कळतं."

सगळे पुन्हा हसले. मी हसलो नाही. घागरीतलं पाणी मी घटाघटा प्यालो आणि शेंड्याची किती फळं उतरवली होती त्यांनी, असं काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, खालची आणि शेंड्याची, सगळीच. झाड अगदी मोकळं व्हायचं.

त्यानंतर ज्या ज्या बागेत गेलो तिथे तो नुकताच येऊन गेलेला असायचा. कुठे साल असायची, कुठे मालकाचा म्हातारा बाप असायचा, जो मला बघून विचारायचा, "तुला उंचावर भीती नाही वाटत?" आणि स्वतःशीच हसायचा. सालींचा रंग दरवेळी थोडा कमी तपकिरी होत होता. टोळी खूश होती. बाग आली की मावशी ट्रकमधून उतरायच्या आत फांद्या बघायची. मी काय होतो ते मला नीट सांगता येत नाही. भीती वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त मला त्याला भेटायचं होतं. इतक्या खिळ्यांवर पिशवी लावून झाली, आणि मी गालाला काय लावतो हे माहीत असलेला एकच माणूस या जगात निघाला. तोही मीच रचलेला. त्याला एकदा बघावं, बटणावरून चिडवावं, एवढीच माझी इच्छा होती. दुसरं काही मला नको होतं.

शेवटच्या बागेत आमच्या आणि शेजारच्या बागेमध्ये एक काटेरी कुंपण होतं, इतकं दाट की पलीकडचं काही दिसत नसे, ऐकू मात्र सगळं येई. मी कुंपणालगतच्या झाडावर होतो. पहिलं फळ कापलं, हातात घेतलं, आणि पलीकडून कोणीतरी म्हणालं, "लाव, लाव. मी बघत नाहीये."

आवाज माझ्या ओळखीचा नव्हता आणि तरीही मला तो ओळखता आला. मी फळ हातात धरून तसाच राहिलो. तो बोलतच होता. आनंदी, जरा घोगऱ्या आवाजात, आजची गोष्ट सांगत होता. "आज वरच्याचं काही ठीक नाही. गप्प झालाय. शिडीवर उभा राहून कान देतोय कुठेतरी."

"अरे, मी इथे आहे!" मी जीव खाऊन ओरडलो. "कुंपणाच्या अलीकडे! मीच तो!"

पलीकडे बायका-माणसांचा मोठा हशा झाला. "वा!" कोणीतरी म्हणालं. "आज तर आवाजसुद्धा काढलास की त्याचा. हुबेहूब!"

मी शिडीवरून उतरलो आणि कुंपणाच्या कडेनं पळत सुटलो. फाटक होतं बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. मी पोचेपर्यंत त्यांचा ट्रॅक्टर माणसं घेऊन आतल्या ओळींकडे निघून गेला होता. झाडाखाली शिडीच्या पायांच्या खुणा होत्या आणि फांदीला साल होती, अजून ओली. मी ती हातात घेऊन परत आलो. कंडक्टर माझी शिडी धरून उभा होता. मी गेल्यापासून त्यानं ती सोडली नव्हती. त्यानं सालीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिडी पुन्हा झाडाला नीट टेकवली.

संध्याकाळच्या सुमाराला पलीकडची माणसं कुंपणाजवळून परतताना त्यांच्या मुकादमाचा आवाज ऐकू आला. "उद्यापासून नवा गडी येतोय. तुला खरा जोडीदार मिळाला बघ. आता त्या वरच्याचं काय करणार?"

"पाडा शिडीवरून!" कोणीतरी मजेत म्हणालं. "शिडीवरच्या माणसाचा दुसरा काय शेवट असतो?"

"सकाळी सांगतो," तो घोगरा आवाज म्हणाला. "दव वाळेपर्यंत वेळ आहे."

मी खोलीत येऊन वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्याला विहिरीत ढकललं होतंत का?" मी म्हटलं, नाही. "मग तोही नाही ढकलणार," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला.

सकाळी आमची सगळी टोळी चहा घेऊन कुंपणालगत जाऊन बसली. पलीकडेही पेल्यांचे आवाज येत होते. मावशीला राहवलं नाही; ती ओरडली, "अहो, त्याला पाडू नका हो! चांगला मुलगा आहे!" मग तो बोलायला लागला. आमच्यात कोणी चहाचा घोटसुद्धा घेतला नाही.

"वरचा काही पडत-बिडत नाही," तो म्हणाला. "त्याची शिडी आखूड आहे, पण खाली मी होतो ना. मला त्याला एकदा भेटायचं होतं, बाकी काही नाही." थोडा वेळ तो थांबला. स्वतः घडवलेल्या माणसाला जा म्हणणाऱ्याचं थांबणं मला ओळखू येतं. "तो पुढे गेलाय. पुढच्या बागेत. माझ्या आधी जाऊन जागा बघतोय."

मावशीनं पदरानं डोळे टिपले. "छान शेवट केला," ती म्हणाली. सुतारकाकांनी मान डोलावली. माझा तर जीव भांड्यात पडला. पाडलं नाही, ढकललं नाही. उलट, भेटायचं होतं म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी उठून कंडक्टरच्या खांद्यावर थाप मारली. तो झाडांकडे बघत होता.

दव वाळलं. मुकादमानं जोड्या लावल्या. मी नेहमीसारखा कंडक्टरच्या शेजारी उभा होतो. मुकादमाची नजर आमच्यावरून फिरली आणि तो जरासा हळवा होऊन म्हणाला, "कंडक्टर, आजपासून तुम्ही एकटे. रेडिओ गेला पुढे. नियम माहीत आहे ना? तोंड बंद ठेवायचं नाही."

"अहो मुकादम," मी हसत म्हणालो, "सकाळी सकाळी थट्टा करता काय? मी इथेच आहे की!"

सगळ्यांनी चमकून कंडक्टरकडे बघितलं. मग मावशी खुदकन हसली. "अगं बाई! कंडक्टर, आवाज छान काढता हो त्याचा!"

आणि सगळे हसत, एकमेकांना टाळ्या देत आपापल्या ओळींकडे निघून गेले. वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं. पण ती सगळी माणसं इतकी खुशीत होती, आणि जाताना मावशी वहिनीला सांगत होती, "पुढच्या बागेत तो आधी खिळा बघून ठेवेल हो आपल्यासाठी." माझ्याबद्दल असं कोणी कधी म्हणालं नव्हतं. मी आपला कंडक्टरच्या मागे गेलो.

त्यानं माझी शिडी लावली आणि चढला. अर्ध्यावर गेल्यावर ती डुगडुगली. तो थांबला. पानांतून त्याचे बूट तेवढे दिसत होते. एकट्या माणसाला पहिला शब्द किती जड जातो हे मला ठाऊक आहे. मी वाट बघितली. पलीकडच्या ओळीतून मुकादमानं हाक दिली, "कंडक्टर! आवाज येत नाही!"

कंडक्टरनं घसा खाकरला.

"रेडिओ," तो म्हणाला. इतके दिवस आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. "अरे, धर की नीट."

मी धरली. दोन्ही हातांनी, नीट. शिडी हलायची थांबली. वर कात्रीचा आवाज झाला आणि मग थोडा वेळ काहीच झालं नाही. मी विचारलं नाही. खाली उभं राहिलं की कळतं.

"तुला सांगतो," वरून आवाज आला, आता जरा मोकळा, "शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले ना, की मी बसची घंटी वाजवायचो. उगाच. मागे कोणीतरी आहे हे ड्रायव्हरला कळावं म्हणून." त्याची झोळी भरत गेली, तसा तो बोलत गेला, आयुष्यभराचं साठलेलं होतं, थांबतोय कशाला! ऊन छान पडलं होतं. पलीकडच्या ओळींतून हसण्याचे आवाज येत होते. ऐकता ऐकता मी सहज मान खाली घातली, तर माझ्या शर्टाचं बटण एक घर चुकलेलं होतं. दोन्ही हात शिडीला होते, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.